पहाटेचं वाचन कुणाला दिसतं?

*गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका आजोबांचं पत्र:*

ताई, नमस्कार. माझं वय ६८. खाण कंपनीच्या कचेरीत हिशेबनीस होतो, आता निवृत्त आहे. माझे वडील चौथीपर्यंतच शिकलेले, पण श्रावणात रोज तिन्हीसांजेला आमच्या सोप्यावर हरिविजयाची पोथी वाचायचे आणि अर्धा वाडा ऐकायला यायचा. त्यांनी जमवलेली पुस्तकं मी वाढवत नेली. आज दोन कपाटांत मिळून नऊशेच्या आसपास असतील. मी रोज पहाटे चार ते सहा वाचतो, कारण तेव्हाच घर शांत असतं. संध्याकाळी बातम्या पाहतो. मुलगा शाळेत होता तेव्हा त्याला दर आठवड्याला एक पुस्तक द्यायचो, सारांश लिहून घ्यायचो, शुद्धलेखनही तपासायचो. आता तो वर्तमानपत्रसुद्धा हातात धरत नाही. पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो. त्याची दोन मुलं, नातू नऊ वर्षांचा आणि नात सहा वर्षांची, इंग्रजी शाळेत जातात. शनिवार-रविवार आमच्याकडे येतात. नातवाला वाढदिवसाला सहा मराठी पुस्तकं दिली, ती अजून प्लास्टिकच्या वेष्टनातच आहेत. तो वाचतो ते इंग्रजी, डायनासोर आणि चित्रकथा. मुलगा म्हणतो, फ्लॅटात कपाटांना जागा नाही. माझ्यामागे हे सगळं रद्दीत जाणार. वडिलांकडून आलेली वाचनाची गोडी माझ्यापाशीच संपणार का?

*उत्तर:*

भाई, तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मला सोडत नाहीत, आणि दोन्ही तुम्ही सहज लिहून गेला आहात. पहाटे चार ते सहा वाचतो, हे एक. मुलाकडून सारांश लिहून घ्यायचो, हे दुसरं.

आधी पहिल्याचं बोलू. नातवंडं शनिवारी येतात, सुट्टीच्या दिवशी आठ वाजता उठत असतील. तोवर तुमचं पुस्तक मिटून कपाटात गेलेलं असतं, पोदेर, म्हणजे पाववाला, येऊन गेलेला असतो, दिवस सुरू झालेला असतो. संध्याकाळी ती मुलं घरभर खेळत असतात तेव्हा तुम्ही बातम्या पाहता. म्हणजे त्या नऊ वर्षांच्या मुलानं आपल्या आजोबांना पुस्तक वाचताना बहुधा एकदाही पाहिलेलं नाही. त्यानं पाहिली आहेत ती दोन बंद कपाटं, आणि ऐकलं आहे ते ‘वाच रे’.

आता तुमच्या वडिलांकडे या. त्यांनी तुम्हाला कधी ‘वाच’ म्हटल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलं आहे ते सोप्याबद्दल. समई, पाट, पोथीचं फडकं, पाऊस थांबलेला, बायामाणसं कामं आवरून येऊन बसलेली आणि मध्ये एक माणूस मोठ्यानं वाचतो आहे. तुम्ही चार-पाच वर्षांचे असाल तेव्हा. पोथीतले निम्मे शब्द तुम्हाला कळत नसणार. पण या कागदात काहीतरी आहे, ज्यासाठी अर्धा वाडा रात्रीचं रांदप (स्वयंपाक) लवकर उरकून येतो, एवढं त्या मुलाला कळलं आणि ते पुरलं. तुमची गोडी तिथून आली. नऊशे पुस्तकं नंतर आली.

गोव्यात हे सगळं जरा वेगळ्याच तऱ्हेनं चालत आलं आहे, ते आपण विसरून गेलो आहोत. पुण्यातलं मूल मराठी बोलतं आणि मग वाचायला शिकतं. आपल्याकडे बहुतेक घरांत बोलणं कोंकणीत आणि वाचणं मराठीत. पोथी, आरती, भजन, जत्रेचं नाटक, सकाळचं वर्तमानपत्र, सगळी मराठी अशी वाचण्याऐकण्याच्या वाटेनं घरात आली. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, हिंदूंना थोडा मोकळा श्वास मिळाला आणि मग गावोगाव मराठी शाळा, वाचनालयं उभी राहायला लागली. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात छापील शब्दावर पहारा बसला, तरी पोथी वाचली जातच होती. मग १९६१ साली मुक्ती आली, १९६२ साली ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक निघालं, आणि दुकानाच्या फळीवर बसून एकानं वर्तमानपत्र वाचायचं, चौघांनी ऐकायचं, हे चित्र माझ्याही लहानपणी होतं. सांगायचं एवढंच, की आपल्याकडे मराठी स्वयंपाकघरातून आपोआप मिळत नाही. कुणीतरी मोठ्यानं वाचावं लागतं. ते वाचणं थांबलं, की नातवाच्या कानावर ती यायला दुसरी वाटच उरत नाही. त्यात त्याचा काही दोष नाही आणि सुनेचाही नाही.

माझी स्वतःची वाट नाटकातून गेली. माझे वडील आमच्या गावच्या जत्रेच्या नाटकाला प्रॉम्प्टर होते. देवळाच्या मंडपात महिनाभर तालमी चालायच्या. काम करणारे कोण पोदेर, कोण बसचा कंडक्टर, कोण शेतातून परस्पर आलेला. कुणी ना कुणी उशिरा यायचंच. मग वडील वही माझ्यापुढे धरायचे, ‘त्याचं तू वाच.’ मी सात-आठ वर्षांची. कधी सेनापती झाले, कधी दासी, एकदा तर राजमाता. अडखळले तर कुणी हसत नसे, कारण तालीम पुढे जायला हवी असायची. माझ्या वाचण्यावर कुणाचं तरी काम अडलेलं आहे, ही जाणीव त्या वयात फार मोठी होती. मला वाचनाची गोडी लावायचा विचार वडिलांच्या मनातही नव्हता. त्यांना सेनापती हवा होता.

पण हे सगळं कळायच्या आधी माझ्या मुलीच्या बाबतीत मी तुमच्यासारखीच वागले, भाई. भिंतीवर तक्ता लावला होता, पुस्तक संपलं की एक खूण, दहा खुणांना एक बक्षीस. काही महिन्यांनी लक्षात आलं, की ती पानं उलटते आहे, वाचत नाही. खुणा मात्र भरल्या होत्या. तो तक्ता मी उतरवला तेव्हा ती जे म्हणाली ते आजही कानात आहे: ‘आई, आता मी पुस्तक अर्धं टाकलं तरी चालेल?’ अर्धं पुस्तक टाकायची मुभा मी तिला कधी दिलीच नव्हती. स्वतः मी आयुष्यभर कितीतरी पुस्तकं अर्धी टाकलेली.

म्हणून तुमच्या त्या दुसऱ्या वाक्यापाशी मी थांबले. तुमच्या मुलाचं काय झालं असेल, ते मला दिसतं. शनिवारी पुस्तक मिळायचं, पुढच्या शनिवारी सारांश. वाचता वाचता त्याचं अर्धं डोकं कथेत, अर्धं वहीत. ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाई. शाळेतून सुटून घरी यावं, तर घरीही परीक्षाच. तुमची तळमळ मला कळते. हिशेबनिसाला पानाच्या शेवटी बेरीज जुळलेली हवी असते. पण कथा वाचून मनात जे उरतं ते लगेच विचारलं तर विरून जातं. त्याला काही दिवस कुणी हात लावू नये. तुमच्या वडिलांनी पोथीचा अध्याय संपल्यावर कधी कुणाला प्रश्न विचारला होता का? आरती व्हायची, प्रसाद हातावर पडायचा, लोक घरी जायचे.

पत्रात तुम्ही नातवाबद्दल विचारलंत. मी मात्र आधी मुलाकडे जा म्हणेन. धागा तुटला तो तिथे. एकदा त्याला एकट्याला गाठा, गाडीत किंवा शेतातल्या मांगरात काम करताना, समोरासमोर बसवून नको. आणि सरळ सांगा, ‘सारांश लिहून घेत होतो, ते चुकलं माझं.’ एवढंच. वर उपदेश नको, ‘पण तुझ्या भल्यासाठीच’ हे शेपूट तर अजिबात नको. तो हसून विषय बदलेल कदाचित. बदलू दे. चाळिशीतल्या माणसाला बापाकडून असं वाक्य ऐकायची सवय नसते, ते आत उतरायला वेळ लागतो. माझी खात्री आहे, की त्या ढिगातलं एखादं पुस्तक त्याला मनापासून आवडलेलं असणार. कोणतं, ते तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही प्रत्येकाचा सारांशच मागितला. आता विचारा. ते पुस्तक शोधून काढा, धूळ पुसा आणि काही न बोलता त्याच्या हातात द्या. एका पुस्तकापुरती जागा फ्लॅटात निघते.

आता नातवाचं. त्याला डायनासोर आवडतात ना? मग त्याचं पुस्तक तुम्ही मागून घ्या. ‘मला वाचायला दे, पुढच्या शनिवारी परत करतो,’ असं म्हणून रीतसर उसनं घ्या. कचेरीत आयुष्य गेलं तुमचं, इंग्रजी तुम्हाला अवघड नाही. खरोखर वाचा आणि शनिवारी शंका विचारा, ज्या तुम्हाला खरोखर पडल्या आहेत त्याच. अमका प्राणी काय खायचा, तमक्याचे हात एवढे आखूड का. नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाला काही समजावून सांगायला मिळणं, याच्याइतका आनंद दुसऱ्या कशात नाही. तो इंग्रजी वाचतो म्हणजे तो वाचतो. गोडी आहे, तुम्हाला हवी त्या लिपीत नाही, एवढंच. चित्रकथांवर रागावू नका. चित्र आणि मजकूर एकत्र वाचायलाही डोकं लागतं.

मराठी त्याच्या कानातून जाऊ दे. तुमच्या सोप्यावर, रात्री जेवणाआधी, पंधरा-वीस मिनिटं. टीव्ही बंद, बातम्या त्या दोन दिवसांत तुमच्यावाचून चालतील. नातीला मांडीवर घ्या. नातवानं जवळ बसलंच पाहिजे असं नाही, तो आसपास घुटमळत राहील. साधी, हलणारी, पुढे काय होतं असं वाटायला लावणारी गोष्ट घ्या. तुम्ही दिलेली ती सहा पुस्तकं चांगली असतील, पण ‘नातवानं काय वाचावं’ या विचारानं निवडलेली असणार. सहा वर्षांची नात मध्येच हसली पाहिजे, असं काही निवडा. वाचताना बिनधास्त मध्ये कोंकणीत बोला. ‘झाड’ आलं तर रूख म्हणा, ‘कुत्रा’ आला तर सुणें, ‘मुलगा’ आला तर चेडो. मराठी वाचताना कोंकणी बोलली तर काही बाटत नाही. आपल्या घरांत पोथीचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या असाच सांगितला गेला. आणि रंगात आलेल्या ठिकाणी पुस्तक मिटा. पुस्तक तिथेच सोप्यावर ठेवा, कपाटात नको.

त्याला मराठी वाचता येत नाही, असं तुम्ही समजत असाल तर तेही तितकंसं खरं नाही. कोंकणी देवनागरीत शिकवतात, हिंदीही त्याच लिपीत आहे. शाळेत या ना त्या वाटेनं अक्षरं त्याच्या डोळ्यांखालून जाताहेत. घरात कोंकणी असल्यामुळे ‘ळ’ त्याच्या जिभेवर आहे, ‘चार’ आणि ‘चमचा’ यांतल्या दोन ‘च’चा फरक त्याच्या कानाला आहे. हिंदीभाषक मुलाला जे जड जातं ते याला आयतं मिळालेलं आहे. अडतात ते शब्द आणि जोडाक्षरं. ते ऐकण्यानं सुटतात. आवाज ओळखीचा झाला की डोळा मागोमाग येतो. पाच-सहा महिन्यांनी एखाद्या शनिवारी तुमचा घसा बसलेला असू दे आणि पुस्तक त्याच्यापुढे सरकवा: ‘आज तू वाच, बाय खोळंबली आहे.’ माझ्या वडिलांना सेनापती हवा होता, तसा तुम्हाला वाचणारा हवा आहे. सहा वर्षांच्या बहिणीला गोष्ट पुढे ऐकायची आहे, याहून मोठं कारण त्याला लागणार नाही. ‘र्य’ आणि ‘ऱ्य’मध्ये तो अडखळला तर शब्द सांगून टाका, थांबवून शिकवू नका.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक तुम्हाला माहीत असेल, १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. मुलाच्या टॅबवर तेच उघडून द्या. तुमच्या कपाटातल्या पुस्तकापेक्षा त्याला ते जवळचं वाटलं तर वाईट वाटून घेऊ नका.

मुलांच्या मासिकावरून पाली आणि बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी आठवतात. १८७६ साली आपल्या गोव्यात, साष्टीतल्या सांखवाळला जन्म, शाळा थोडीशीच झालेली, माडांच्या बागायतीत दिवस जायचे. त्यांच्या हाती ‘बालबोधमेवा’ नावाचं मुलांचं मराठी मासिक पडलं. त्यात बुद्धाच्या चरित्रावर एक लेख होता. तो वाचून हा माणूस असा पेटला, की घरदार सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिलोन फिरला, पाली शिकला आणि पुढे हार्वर्डपर्यंत गेला. ते मासिक छापणाऱ्यांना कुठे ठाऊक होतं, की आपला एक अंक गोव्यातल्या एका माडाखाली काय करणार आहे? त्यांचा मुलगा दामोदर गणित आणि इतिहासात मोठा झाला. आणि नात मीरा, जी आजोबा वारले तेव्हा आठ वर्षांची होती, तिनं पुढे त्यांचं मराठी आत्मचरित्र इंग्रजीत नेलं. तिघांचे विषय तीन, वाटा तीन. आजोबांच्याच पुस्तकांवरून कुणी चाललं नाही, पण साठ-सत्तर वर्षांनी नात फिरून आजोबांच्या पानांपाशी आली. भाई, तुमचा नातू उद्या जीवाश्मांवर इंग्रजीत लिहील कदाचित. चाळिशीत कधीतरी तुमच्या अक्षरातली एखादी टीप वाचायला त्याला मराठी लागेल, तेव्हा ती त्याच्या कानात असली म्हणजे झालं.

एक रविवार पणजीला काढा. पर्वरीहून पूल ओलांडला की पाटो, तिथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. मुलांसाठी वेगळा विभाग आहे. दोघांना स्वतःच्या नावाचं कार्ड काढून द्या, आणि पुस्तकं निवडताना तुम्ही दुसरीकडे जाऊन बसा, स्वतःचं काहीतरी वाचत. दुरून सूचना नको, नजरही नको. परतताना सांगा, की हे ग्रंथालय १८३२ सालचं आहे, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. दुसऱ्या रविवारी जुन्या गोव्याला न्या आणि तिथल्या छापखान्याची गोष्ट सांगा. १५५६ साली एक जहाज छपाईचं यंत्र घेऊन अॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघालं होतं. वाटेत ते गोव्याला लागलं आणि यंत्र इथेच राहिलं. भारतातला पहिला छापखाना असा वाट चुकून आपल्या दारात आला. मुलांना अशा गोष्टी फार आवडतात, तारखा ती विसरतील, जहाज विसरणार नाहीत.

आता नऊशे पुस्तकांचं. मी कठोर बोलते, मनाला लावून घेऊ नका. नऊशे पुस्तकं कुणाच्याही डोक्यावर ठेवणं हा वारसा नव्हे, ते ओझं आहे. तुम्ही जिवंत असताना त्यातली तीस-चाळीस निवडा, ज्यांच्याशिवाय तुम्ही तुम्ही नाही. त्या प्रत्येकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहा: कुठे घेतलं, किती रुपयांना, तेव्हा घरात काय चाललं होतं, कोणतं पान तुम्हाला रडवून गेलं. पुस्तक बाजारात दुसरं मिळेल, त्या चार ओळी कुठेच मिळणार नाहीत. वडिलांची पोथी त्यात पहिली.

उरलेल्यांतली गोव्यात छापलेली जुनी पुस्तकं, इथल्या नियतकालिकांचे अंक, हस्तलिखित नाटकाच्या वह्या असतील तर वेगळ्या काढा आणि आधी मध्यवर्ती ग्रंथालयात विचारा. ते इतर कुठे मिळत नाही. बाकीची गावच्या शाळेला, वाचनालयाला, पण विचारून आणि निवडून. पोती भरून नेऊन टाकू नका, तिथेही ती पोत्यातच राहतात. आणि जी ठेवाल ती भिंतीपासून वीतभर लांब. आपल्या पावसात भिंत ओल खाते आणि मागच्या रांगेतून बुरशी सुरू होते. चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, हवा कोरडी झाली की पुस्तकं उघडून सावलीत, पंख्याखाली वारा द्या, कडक उन्हात नको, बांधणी उलते. कसर लागलेलं एखादं पुस्तक हवाबंद पिशवीत घालून आठ-दहा दिवस फ्रिझरमध्ये ठेवलं तर कीड मरते. नातवाला हे काम द्या, फ्रिझरमधलं पुस्तक तो जन्मभर विसरणार नाही.

कपाटांची कुलपं मात्र आजच काढा.

आणि श्रावणाचं. वडिलांची पोथी तुमच्याकडे आहे. सोपा आहे. यंदा निदान शनिवारी संध्याकाळी समई लावून एक-एक अध्याय वाचा, शेजारच्यांना सांगा, चार माणसं आली तरी पुष्कळ. मुलाला वाचायला सांगू नका. फक्त पाट मांडताना एक जास्तीचा मांडा.

ती सहा पुस्तकं पर्वरीहून परत मागवू नका, पण पुढच्या वेळी तिथे गेलात की त्यांतलं एक वेष्टन तुम्ही फाडा, त्यांच्या बाल्कनीत खुर्ची ओढा आणि ते पुस्तक स्वतःसाठी वाचत बसा. चवथीनंतर मला कळवा, काय झालं ते.